श्रेयनामावली परत द्या

प्रति,
गुन्हेविषयक जुन्या मालिकांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या वाहिन्या, निर्मितीसंस्था आणि या मालिका आज दाखवणारे सगळे मंच यांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०२५ मध्ये 'सीआयडी' मालिकेतले एसीपी प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी साटम रंगवतात ते साहेब, गेले. मालिकेच्या वाहिनीनं समाजमाध्यमांवर रीतसर श्रद्धांजली वाहिली, १९९८ ते २०२५ अशी सालंसुद्धा घातली. मला गावाहून मावशीचा फोन. "अगं, साटम गेले की काय?" साटम ठणठणीत आहेत, गेलाय तो मालिकेतला साहेब, हे तिच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. पुढे साहेबही परतले. आम्हा जुन्या प्रेक्षकांना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. मेलेला माणूस जिवंत निघणं, त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा उगवणं, स्मृती जाणं आणि ऐन वेळी परत येणं हे सगळं आम्ही 'सीआयडी'त वर्षानुवर्षं पचवलं आहे.

याच मालिकेत इन्स्पेक्टर फ्रेड्रिक्स, म्हणजे सगळ्यांचा फ्रेडी, झालेले दिनेश फडणीस मात्र परतले नाहीत. ५ डिसेंबर २०२३ रोजी ते गेले तेव्हा ५७ वर्षांचे होते. आजारपणाची पहिली बातमी पसरली ती हृदयविकाराच्या झटक्याची. मग मालिकेतल्या दयाला, म्हणजे दयानंद शेट्टींना, स्वतः सांगावं लागलं की झटका नव्हे, यकृताचं दुखणं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये या मालिकेचे निर्माते प्रदीप उप्पूर यांचंही निधन झालं होतं. ती बातमी तर आमच्यातल्या बऱ्याच जणांना फडणीस गेल्यावर, जुन्या बातम्या चाळताना कळली. इतकी वर्षं ज्यांच्या मालिकेसाठी रात्री जागलो त्यांचं नाव वाचून "हे कोण?" असं विचारणारे आमच्यात होते. त्यात त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही.

दुसरं पर्व कसं आहे, अमक्याला का काढलं, तमक्याला का आणलं, यावर हे पत्र नाही. ती भांडणं आमची आम्ही घालतो आणि त्यात मजाही येते. माझं मागणं एकच आहे. जुन्या भागांची श्रेयनामावली परत द्या.

काय होतं ते तुम्हाला ठाऊक असणारच, पण एका प्रेक्षकाच्या नजरेतून सांगते. भाग संपत येतो. खुनी सापडलेला असतो, साहेबांनी त्याला फाशीचं भविष्य सांगून झालेलं असतं. नावं वर सरकू लागतात तोच चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. ती थांबवायला रिमोट शोधेपर्यंत दुसरा मृतदेह हजर. कुठे कुठे तर नावं मुळातच कापलेली असतात, भाग थेट प्रेतापासून सुरू होऊन बेड्यांपाशी संपतो. मोबाइलवर येणाऱ्या उभ्या तुकड्यांबद्दल तर बोलायलाच नको. भागाच्या माहितीत नावं असतात ती चार-पाच, नेहमीचीच. त्या भागात खून झालेली बाई, खोटी साक्ष देणारा डॉक्टर, शेवटी रडून कबुली देणारा भाऊ, ज्यांच्यावाचून तो भाग उभाच राहिला नसता, त्यांच्यापैकी कोणाचंच नाव नाही.

आता फ्रेडीबद्दल थोडं बोलू द्या, कारण त्याच्यामुळेच हे सगळं मनात आलं.

या मालिकेत प्रत्येकाला एक ठरलेली लकब होती. साहेबांची हवेत फिरणारी बोटं आणि 'कुछ तो गड़बड़ है'. दयाचं दार तोडणं. (दयानंद शेट्टी थाळीफेकीतले महाराष्ट्राचे विजेते होते, हे कळल्यापासून मला त्या दारांची कीव येते.) अभिजित आणि तारिकाचं ते कधीच पूर्ण न होणारं बोलणं, साळुंखे आणि साहेबांची प्रयोगशाळेतली जुगलबंदी. या सगळ्यांना लकबीमागे लपता येत होतं. फ्रेडीला ती सोय नव्हती. तो भुताला घाबरायचा, घरी बायकोला, मनीषाला घाबरायचा आणि वरिष्ठांच्या चेष्टेचा विषय व्हायचा. दर आठवड्याला तेच काम, आणि तेही मृतदेहाच्या शेजारी उभं राहून.

हे किती अवघड आहे ते जरा बघा. खोलीत प्रेत आहे. त्याची बायको कोपऱ्यात हुंदके देते आहे. आणि तुम्हाला त्याच खोलीत, तिच्या दुःखाला धक्का न लावता, लोकांना हसवायचं आहे. फडणीसांचा विनोद मेलेल्या माणसावर कधीच नसायचा, रडणाऱ्यावरही नसायचा. तो कायम फ्रेडीवरच असायचा. आधी डोळे मोठे व्हायचे, मग ते वरिष्ठांकडे वळायचे, आणि मग वाक्य यायचं, तेही अर्ध्या आवाजात, ऐकू गेलं तर गेलं अशा बेतानं. मधली ती क्षणभराची थांबणी हीच त्यांची कमाई होती. घाबरट माणूस रंगवणारे नट पुष्कळ असतात. घाबरूनही अंधाऱ्या बंगल्यात दुसऱ्यांच्या मागोमाग आत शिरणारा माणूस रंगवणारे कमी, कारण तिथे भीती आणि कर्तव्य दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसावी लागतात. फ्रेडी प्रत्येक वेळी आत शिरायचा. लहान मुलांना दया आवडायचा, पण दया व्हायला दंड हवेत. आम्हा कारकुनी माणसांना ठाऊक होतं की आपण त्या पथकात असतो तर फ्रेडीच असतो.

समीक्षकांनी अशा कामाची दखल घेतल्याचं माझ्या वाचनात तरी नाही. रोजच्या मालिकेतला विनोदी हवालदार-इन्स्पेक्टर हा आपल्याकडे अभिनयाचा विषयच मानला जात नाही. 'सरफरोश' आणि 'सुपर ३०' या चित्रपटांत फडणीस छोट्या भूमिकांत दिसले होते. ते ओळखून "अरे, हा तर फ्रेडी!" असं ओरडणारे आम्हीच. तेव्हाही ओरडलो ते फ्रेडी म्हणूनच, फडणीस म्हणून नाही. फडणीस आडनावाच्या माणसाला अख्खा देश फ्रेड्रिक्स म्हणून ओळखत होता, आणि भूमिकेकडून माणसाकडे जायची एकच वाट होती, ती म्हणजे भागाच्या आगेमागे येणारी नावं. ती वाट तुम्ही बंद केली आहे.

नावं वाचण्यात काय मिळतं, असं कोणी विचारेल. मला काय मिळालं ते सांगते. 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि पहिलं पर्व २७ ऑक्टोबर २०१८ ला संपलं तेव्हा १५४७ भाग झाले होते. सुरुवातीच्या काळात इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणून आशुतोष गोवारीकर होते, पुढे ते कुठल्या कुठे गेले हे सर्वांना माहीत आहे. मालिका घडवणारे बी. पी. सिंग मुळात दूरदर्शनचे कॅमेरामन, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले आणि पुढे त्याच संस्थेच्या अध्यक्षपदी बसलेले. पथकाला छळणारा तो डीसीपी चित्रोळे म्हणजेही तेच. आणि प्रदीप उप्पूर हे 'अर्धसत्य' चित्रपटाच्या दोन निर्मात्यांपैकी एक. म्हणजे श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून, तेंडुलकरांच्या पटकथेनं उभा राहिलेला तो पिचलेला फौजदार अनंत वेलणकर आणि आपला बोटं नाचवणारा एसीपी प्रद्युम्न, दोघांच्या मागे एकच निर्माता उभा होता. एकाच माणसानं मुंबईच्या पोलिसांची ही दोन टोकं पडद्यावर आणायला पैसे घातले. नावं न वाचणाऱ्याला हा धागा कधीच सापडणार नाही. मालिकेला 'पोरांचा खेळ' म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या एका विद्वान मित्राला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प बसला.

(नाक मुरडायला जागा आहे, हे मलाही मान्य आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात, मुंबईतले खून तपासते ती तिथली गुन्हे शाखा. रंगीत पाण्यात कापूस बुडवून विष ओळखणाऱ्या साळुंखेंवर तर खऱ्या प्रयोगशाळेतली माणसं खो खो हसत असतील. आम्हाला त्याची कधी पर्वा वाटली नाही.)

आता मागे जाऊ, कारण 'सीआयडी'चं निदान पुष्कळ काही शिल्लक आहे. तिच्या आधीच्यांची स्थिती बघा. शिवाजी साटम बँकेतली नोकरी सांभाळून नाटकात काम करत होते, आणि मराठी घरांना ते पोलीस म्हणून पहिल्यांदा भेटले ते दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मध्ये. पोलिसांच्या शंभर नंबरवरून ते नाव. बी. पी. सिंग आणि साटम ही जोडी तिथलीच. 'सीआयडी'ची बीजं त्या मालिकेत आहेत. ज्यांनी ती पाहिली ते आज पन्नाशीच्या पुढचे आहेत, आणि तिच्याबद्दल ते ज्या आवाजात बोलतात तो आवाज 'सीआयडी'साठी लागत नाही.

त्याच सुमाराला 'हॅलो इन्स्पेक्टर'. रमेश भाटकर. संगीतकार स्नेहल भाटकरांचा मुलगा, ती उंची, तो आवाज, तो रुबाब. पुढे 'कमांडर'नं त्यांना हिंदीतही नेलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींना पोलीस खात्याबद्दल जो काही आदर वाटायचा त्याचं श्रेय खात्याला कमी आणि भाटकरांना जास्त होतं. ते ४ फेब्रुवारी २०१९ ला गेले. त्या दिवशी 'हॅलो इन्स्पेक्टर'चा एखादा भाग बघावा म्हणून मी शोधायला बसले तर हाती लागले ते तुकडे. मागचं-पुढचं काही नाही, दिग्दर्शक कोण, समोर उभा राहून उलटी उत्तरं देणारा तो सुरेख नट कोण, काही कळायला मार्ग नाही. तो नट आज आहे की नाही हेही मला माहीत नाही. श्रद्धांजली वाहायची तरी कोणाला?

आणि 'तहकीकात'. 'गाईड'सारखा चित्रपट करणारे विजय आनंद पडद्यावर गुप्तहेर सॅम डिसिल्वा म्हणून आले आणि त्यांच्या जोडीला गोपीचंद म्हणून सौरभ शुक्ला. दिग्दर्शक म्हणून ज्याचं नाव घेताना लोक कानाची पाळी पकडतात असा माणूस १९९४ मध्ये छोट्या पडद्यावर येऊन शांतपणे खुनी शोधत होता. २००४ मध्ये ते गेले तेव्हा मृत्युलेख चित्रपटांबद्दल होते, ते योग्यच होतं. पण सॅम डिसिल्वावर जीव असणारेही होते आणि आहेत.

मोठ्यांची नावं कुठेतरी टिकतात हो. माझा जीव अडकतो तो एकाच भागापुरत्या आलेल्या माणसांत.

'सीआयडी'ला दर भागात नवी माणसं लागायची. एक मेलेला, तीन-चार संशयित, एक पहारेकरी, एक मोलकरीण, एक शेजारीण जिनं रात्री काहीतरी आवाज ऐकलेला असतो. १५४७ भागांचा हिशेब तुम्हीच करा. मुंबईत नाटक करणाऱ्या, दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या नटांना अशा मालिकांनी कॅमेऱ्यासमोर उभं केलं. आमच्या ओळखीतले एक काका असेच. आयुष्यभर कामगार नाट्यस्पर्धा केल्या, निवृत्तीच्या आसपास 'सीआयडी'त एका भागात इमारतीच्या पहारेकऱ्याचं काम मिळालं. पाण्याच्या टाकीत मृतदेह सापडतो तो यांना. दोन प्रसंग, पाच-सहा वाक्यं. पण त्या वाक्यांनी त्यांचं सोसायटीतलं स्थान बदललं. लग्नकार्यात लोक त्यांना "साहेबांनी दरडावलं तेव्हा खरंच भीती वाटली का?" असं विचारायचे आणि ते दर वेळी उत्तर थोडं लांबवायचे.

काका गेल्यावर त्यांच्या मुलीला तो भाग हवा होता. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा नातवंडांना दाखवायचा होता. भागाचं नाव कोणालाच आठवेना. साल आठवेना. पाऊस होता म्हणून पावसाळ्यात चित्रित झाला असावा, एवढाच धागा. नावावरून शोधायची सोय नाही, कारण नाव कुठे घातलेलंच नाही. मग घरच्यांनी पाण्याची टाकी असलेले भाग हुडकायला सुरुवात केली. तुम्हाला कल्पना नसेल, पण या मालिकेत पाण्याच्या टाकीत मृतदेह सापडण्याचं प्रमाण चिंता करण्याजोगं आहे. शेवटी भाग सापडला तो काकूंमुळे. त्या स्वयंपाकघरात होत्या, बाहेर मुलगी एकामागून एक भाग पुढे ढकलत होती, आणि काकू आतून म्हणाल्या, "थांब, हे तेच आहेत." चेहरा दिसायच्या आधी, नुसत्या खाकरण्यावरून. मी तिथे नव्हते, मला मुलीनं सांगितलं. मग त्यांनी तो भाग शेवटपर्यंत पाहिला, नाव येतं का बघायला. नावं येण्याआधीच भाग संपवलेला होता.

आपण खून कसा उलगडतो, गुन्हेगाराला कसं पकडतो हे दाखवणारी मालिका. साध्या एका बटणावरून माणूस हुडकणारी. तिच्यात काम केलेला माणूस हुडकायला त्याच्या बायकोचा कान लागला.

कायद्याचंही थोडं बोलते. मी वकील नाही आणि कोणाला कोर्टात खेचायचा माझा विचार नाही, पण वाचता येतं. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि ३८बी हे कलम आलं. सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क आहे, असं ते म्हणतं. वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल तर सूट, असंही म्हणतं. आता, मागच्या बाजूला तीस सेकंद नावं दाखवणं तुमच्या पद्धतीत का बसत नाही, हे तुम्हीच सांगा. याहून मला बोचली ती त्याच कायद्यातली 'सादरकर्ता' या व्याख्येखालची पुरवणी. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीसकट कुठेच दिलं जात नाही, तो एका मर्यादित कारणापुरता सोडला तर सादरकर्ताच नाही, असा तिचा अर्थ. म्हणजे श्रेयनामावलीत नाव असणं ही नुसती हौस नाही. नट कोण आणि कोण नाही हे ठरवताना कायदासुद्धा तिकडेच बघतो. आणि तीच तुम्ही कापता.

दूरदर्शनच्या काळात टेप महाग होत्या, एकावरच दुसरं मुद्रण व्हायचं, कितीतरी काम त्यात पुसलं गेलं. त्या लोकांकडे निदान टेपचं कारण होतं. तुमच्याकडे जागेची टंचाई नाही. एका भागाची सगळी नावं साठवायला जेवढी जागा लागते तेवढी तुमच्या एका जाहिरातीच्या एका क्षणाला लागते.

यादी कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. जुन्या भागांच्या मूळ प्रतींत नावं आहेत, आधी तीच परत जोडा. जिथे तीही अपुरी आहेत तिथे मानधनाच्या नोंदी असतील, कलाकार पुरवणाऱ्या समन्वयकांच्या वह्या असतील, सहायक दिग्दर्शकांच्या डोक्यात असेल. ही डोकी आता साठीकडे झुकली आहेत, तेव्हा फार थांबू नका. आणि आम्ही आहोत. आमच्या जुन्या प्रेक्षकांच्या गटात असे लोक आहेत जे एखाद्या संशयिताला बघून सांगतात की हा आधी दोनदा मेलेला आहे आणि एकदा खुनी निघालेला आहे. त्यांनी स्वतःसाठी याद्या ठेवल्या आहेत. त्या फुकट घ्या, तपासून घ्या. चुका निघाल्या तर वाद घालायला आम्ही तयारच आहोत.

जे गेले त्यांच्यासाठी काय करावं, याबद्दल आमच्यातच एकमत नाही. काहींना वाटतं की फडणीसांच्या प्रत्येक भागाआधी श्रद्धांजलीची पाटी हवी. मला ते पटत नाही. फ्रेडी पडद्यावर यायच्या आधीच प्रेक्षकाला रडवून बसवलं तर त्याच्या त्या अर्ध्या आवाजातल्या वाक्यावर हसायचं कोणी? मेणबत्ती, काळी पट्टी, सनईचा तुकडा, हे काही नको. भागाच्या माहितीत नाव, आणि नावापुढे जन्म-मृत्यूची सालं, बस. ज्याला थांबायचं असेल तो थांबेल.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. आता यंत्राकडून मेलेल्या माणसाचा चेहरा आणि आवाज हुबेहूब उभा करता येतो. उद्या कोणाच्या तरी डोक्यात येईल की फ्रेडीला एका खास भागासाठी परत आणू, प्रेक्षक भावुक होतील, चर्चा होईल. कृपा करून हे करू नका. फडणीसांच्या घरच्यांनी हो म्हटलं तरी माझी विनंती हीच राहील, आणि त्यांना न विचारता केलंत तर ती सरळसरळ चोरी होईल. डोळे मोठे होणं यंत्र दाखवील. त्यानंतरची ती थांबणी किती लांबवायची, हे फडणीसांनी वर्षानुवर्षं मृतदेहांशेजारी उभं राहून शिकलेलं होतं. प्रद्युम्नला परत आणलंत, त्यावर आम्ही हसलो, काहींनी टाळ्याही वाजवल्या, कारण साटम स्वतः येऊन उभे राहिले. यात आणि त्यात फरक आहे.

कामाला सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर माझ्याकडे उत्तर तयार आहे. ७ नोव्हेंबर २००४ ला दाखवलेला 'द इनहेरिटन्स' हा भाग घ्या. १११ मिनिटं, एकही काट नाही, सगळा भाग एका दमात चित्रित केलेला, गिनीज बुकात नोंद झालेली. त्या भागात एखाद्याचं वाक्य चुकलं असतं, कोणाचा पाय तारेत अडकला असता, कोणी दाराआड शिंकलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. नटांची नावं आम्ही ओळखीवरून लावू शकतो. पण कॅमेऱ्याच्या मागून उलट पावली चालणारे, दिवे सरकवणारे, पुढच्या खोलीत श्वास रोखून प्रवेशाची खूण देणारे कोण होते ते आम्हाला चेहऱ्यावरून कधीच कळणार नाही. ती नावं फक्त तुमच्या कपाटात आहेत. या एका भागाची पूर्ण यादी आधी लावा. काकूंकडच्या भागाचा क्रमांक मी वेगळा कळवते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रात्री दहाला टीव्हीसमोर बसणाऱ्यांपैकी एक